मुलगी बाहुलीवर ओरडते, तिला उपाशी ठेवते. काळजी करावी का? आणि बाहुलीला आपल्या साहित्यात, संस्कृतीत एवढं स्थान का?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला दोन्हींचं उत्तर एकच वाटतं. घरात सगळ्यात लहान असलेल्या माणसावर सगळे हुकूम सोडतात. त्याने हुकूम सोडावा असं त्याच्या खालचं कुणी असेल, तर ती बाहुली. तिला स्वतःचं मत नाही, तिच्या तोंडचे शब्द आपण घालतो. म्हणून बाहुली दिसते कशी यापेक्षा तिच्या तोंडी काय घातलं जातंय ते बघावं. घरातही आणि पुस्तकातही.

मी कळव्यात बालवाडीत शिकवते. वर्गाच्या एका कोपऱ्यात बाहुलीघर मांडलेलं असतं: खोटी चूल, पातेली, पाळणा, दोन-चार बाहुल्या. तिथे गुपचूप बसलं की घराघरातली वाक्यं जशीच्या तशी कानावर पडतात. एका मुलीची आई सकाळी लवकर नोकरीला निघायची. ती मुलगी बाहुलीला ओढणीत गुंडाळून थोपटायची आणि सांगायची, "आईची लोकल चुकेल ना? रडायचं नाही. आजी आहे ना?" मग बाहुलीच्या वतीने स्वतःच रडायची, हुंदके देऊन. मग परत आई होऊन म्हणायची, "पुरे आता." एरवी वर्गात ही मुलगी कधी रडायची नाही. रडण्याचं खातं तिने बाहुलीकडे सोपवलं होतं.

तेव्हा तुमची मुलगी ओरडते ते बहुधा तिने कुठेतरी ऐकलेलं ओरडणं आहे. घरी, पाळणाघरात, शाळेत, कुठेही. ऐकून घेणाऱ्याच्या जागेवरून उठून ती ओरडणाऱ्याच्या जागी बसून बघते आहे. विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने मुलांच्या लाडक्या गोधडीबद्दल आणि मऊ खेळण्यांबद्दल 1950 च्या दशकात फार मोलाचं लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं, की या वस्तूने मुलाचं प्रेमही सोसलं पाहिजे आणि रागही, आणि तरी टिकून राहिलं पाहिजे. (तो असंही सांगतो की ती वस्तू मळली, वास यायला लागला तरी धुवायची घाई करू नये. आयांना हे पटवताना माझी दमछाक होते.)

आता साहित्य. मला सगळ्यात जवळची वाटते ती महाभारतातली गोष्ट, विराटपर्वातली. कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्यात, राजपुत्र उत्तर लढायला निघालाय, बृहन्नडा झालेला अर्जुन त्याचा सारथी. राजकन्या उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी बृहन्नडेला सांगतात, भीष्म-द्रोणांना जिंकलंस की आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची रंगीत, तलम वस्त्रं घेऊन ये. अर्जुन ते विसरत नाही. संमोहन अस्त्राने कौरव बेशुद्ध पडल्यावर तो राजपुत्र उत्तराला रथातून उतरवतो: द्रोण आणि कृप यांची पांढरी वस्त्रं घे, कर्णाचं पिवळं, अश्वत्थामा आणि दुर्योधनाची निळी. भीष्मांपासून मात्र लांब राहा, ते शुद्धीवर आहेत.

पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बाहुल्यांसाठी कपडे मागणाऱ्या या मुलीचं लगेच अभिमन्यूशी लग्न लागतं. युद्धाच्या तेराव्या दिवशी तो चक्रव्यूहात मारला जातो आणि त्याला घेरणाऱ्या सहा महारथींमध्ये द्रोण, कृप, कर्ण, अश्वत्थामा हे चौघं असतात. ज्यांच्या वस्त्रांनी तिच्या बाहुल्या नटायच्या होत्या तेच हे चौघं. त्यातलाच अश्वत्थामा नंतर तिच्या पोटातल्या बाळावर अस्त्र सोडतो. व्यासांनी हा धागा कुठेही बोलून दाखवलेला नाही. पण मी जेव्हा जेव्हा तो प्रसंग वाचते तेव्हा त्या रंगीत कापडांपाशी अडखळतेच. खेळातून उठवून थेट संसारात ढकललेल्या आपल्याकडच्या किती पिढ्यांतल्या मुली त्या एका मागणीत दिसतात.

मराठीत बाहुलीवरची सगळ्यांना पाठ असलेली कविता कवी दत्त यांची, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे यांची. ते 1899 साली अगदी तरुण वयात गेले. त्या कवितेतली मुलगी मैत्रिणींना आपली बाहुली कौतुकाने दाखवते. तिला म्हणे सगळं कळतं, ती हट्ट धरत नाही, नवी साडीचोळी जशीच्या तशी ठेवते. गोड कविता आहे, मीही वर्गात म्हणून घेते. पण कौतुकाची यादी नीट ऐका. मोठी माणसं त्या मुलीकडून जे जे मागतात, ते सगळं तिने बाहुलीच्या अंगी लावलंय.

रंगाबद्दल मात्र थोडं कडक बोलायचंय. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने 1940 च्या सुमारास 3 ते 7 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर बाकी सगळ्या सारख्या. छान कोणती, वाईट कोणती, असं विचारत शेवटी विचारलं, तुझ्यासारखी कोणती? बहुतेक मुलांनी गोरी बाहुली छान ठरवली होती. शेवटच्या प्रश्नाला काही मुलांना रडू कोसळलं. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख केला.

आपल्याकडे हा प्रयोग वेगळा करायला नको. ठाण्यात घोडबंदर रोडवर एखाद्या नव्या टॉवरचं काम चालू असलं की दर्शनी भागात काळी बाहुली उलटी टांगलेली दिसते, नजर लागू नये म्हणून. रिक्षामागेही तीच. आणि जांभळी नाक्याच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशवीत ओळीने लटकणाऱ्या खेळण्यातल्या बाहुल्या बहुतेक गोऱ्यापान, सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या. एक कुशीत घेण्यासाठी, दुसरी संकट अंगावर घेण्यासाठी. आमच्या वर्गातली सावळी मुलं शाळेत येता-जाता दोन्ही बघतात. त्यांना कुणी काही सांगावं लागत नाही.

"मुलगे बाहुल्यांशी खेळत नाहीत" हे तर मला मुळीच मान्य नाही. दिवाळीत सोसायटीच्या आवारात किल्ला करतात तेव्हा मातीचे मावळे, गवळण, तोफा, वर सिंहासनावर महाराज, हे काय आहे? बुरुजावर कोणी पहारा द्यायचा यावरून पोरं तासभर भांडतात. तसंच नवरात्रात वाशी-नेरुळच्या तमिळ घरांत विषम संख्येच्या पायऱ्यांवर कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडतात. त्यात लग्नात माहेरून आलेली लाकडी नवरा-नवरीची जोडी असते, आणि ती मांडायला घरातले आजोबाही बसतात.

बाहुली बोलायला लागली, की गोष्टीत गडबड होते. सिंहासन बत्तिशीत भोज राजा सिंहासनावर पाय ठेवायला जातो आणि बत्तीस पुतळ्या एकेक करून त्याला अडवतात: विक्रमासारखा तू आहेस का? नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 1879 च्या 'अ डॉल्स हाउस' (बाहुलीचं घर) या नाटकातली नोरा नवऱ्याला तोंडावर सांगते, बाबांनी मला बाहुली केलं, मग तू केलंस, आणि दार लावून घराबाहेर पडते. अनंत काणेकरांनी हे नाटक 'घरकुल' म्हणून मराठीत आणलं. आपल्या शब्दांवर चालणारी स्वतःच्या शब्दांत बोलली की ऐकणाऱ्याला धक्का बसतोच.

तुमच्या मुलीपुरतं सांगते. "बाहुलीला असं बोलू नये" असं तिला म्हणू नका, म्हणजे ती तुमच्यासमोर खेळणं बंद करेल आणि तुम्हाला काही कळणार नाही. शेजारी भाजी निवडत बसा. तिने बाहुलीला कोपऱ्यात उभं केलं, की बाहुलीलाच विचारा, "काय गं, काय झालं?" उत्तर मुलगीच देईल. तेच ओरडणं रोज, त्याच शब्दांत, आठवडेच्या आठवडे चालू राहिलं, किंवा बाहुलीला मारताना ती स्वतःच घाबरलेली दिसली, तर मात्र तिच्या शिक्षिकेशी आणि पाळणाघरातल्या ताईंशी आधी बोला, आणि गरज वाटली तर बालमानसतज्ज्ञांना भेटा.