सत्तरच्या दशकात आपल्याकडे काय घालायचे?

प्रिय सई,

शाळेत सत्तरच्या दशकातली वेशभूषा करून जायचंय, तर "तेव्हा मराठी बायका नऊवारीच नेसायच्या ना?" असं तू विचारलंस. निवांत उत्तर द्यायचं म्हणून लिहूनच देतेय.

आपल्या एकाच घरात तेव्हा सगळं नांदत होतं. पणजीआजी रोज इचलकरंजीचं सुती लुगडं नेसायची, कासोटा घालून, वर खणाची चोळी. आजी गोल साडी नेसून लोकलने ऑफिसला जायची. आणि तुझे आजोबा नि त्यांचे भाऊ बेलबॉटममध्ये! गुडघ्यापर्यंत घट्ट, खाली एवढा घोळ की चप्पल दिसू नये. शर्टाची कॉलर लांब टोकदार, गालावर जाड कल्ले. राजेश खन्नाने कुर्त्यासारखा गुरू शर्ट घातला की गल्लीतल्या पोरांनाही तोच हवा असायचा.

पण कोणी दुकानात जाऊन तयार पँट उचलत नसे, हे लक्षात घे. दिवाळीच्या आधी ताग्यातून कापड फाडून आणायचं आणि शिंप्याकडे टाकायचं. बरेचदा सगळ्या भावांना एकाच ताग्यातलं. फॅशन व्हायची ती शिंप्याच्या टेबलावर: सिनेमात पाहिलेली पँट त्याला हातवारे करून समजावायची, घोळ किती इंच यावर वाद घालायचा. मला हे फार आवडतं. प्रत्येकाची बेलबॉटम थोडी वेगळी व्हायची.

मान होता टेरिलीनला. कृत्रिम धाग्यावर सरकारचा कर जबर, म्हणून ते सुतीपेक्षा महाग. उकाड्यात अंगाला चिकटायचं, तरी लोक हौसेने घालायचे. इस्त्रीची कटकट नाही आणि पावसाळ्यातही चाळीच्या गॅलरीत चटकन वाळायचं. सुती कापड विणणारं गिरणगाव मात्र मुंबईतच होतं, लालबाग-परळला. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर कितीतरी गिरण्या कायमच्या बंद पडल्या. त्या दशकाचे रंग आठवताना ही माणसं विसरायची नाहीत.

आता तुझ्या कामाचं. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. तिथे पुढे स्मिता पाटील मराठी बातम्या द्यायची. ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असं सांगतात. पडद्यावर दिसायची हातमागाची साडी आणि ठसठशीत कुंकू. मला विचारशील तर त्या काळच्या मराठी मुलीचं याहून खरं रूप नाही. तू हेच कर. जीन्स तुझ्याकडे आहे, आजीची हातमागाची साडी माझ्या कपाटात आहे. रविवारी सकाळी नेसायचा सराव करू. पदर मी लावून देईन, निऱ्या तू घालायच्या.

तुझी,
आई