वाचकांचे प्रश्न: नव्या ब्लॅक पावडर (जुन्या पद्धतीची काळी बारूद) रायफलचा दस्ता

प्रश्न: शार्प्स १८७४ या जुन्या अमेरिकन रायफलच्या धर्तीवर नवी बनवलेली ४५-७० ची रायफल घेतली. दस्ता अर्धवट तयार आहे, लाकूड धातूच्या वर जरा उठलेलं आहे आणि फिनिशिंग मलाच करायचंय. घाईत हातानेच पॉलिश पेपर मारला तर टँगच्या (मागे निघालेली, लाकडात बसणारी धातूची पट्टी) बाजूची कड गोल झाली. ती वाफेने वर येईल का? आणि तेलाचे किती कोट देऊ?

उत्तर: आधी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि पॉलिश पेपर खाली ठेवा. कोट किती हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे, त्याआधी लाकूड धातूला नीट टेकतंय का ते बघायचं आणि खरं काम तिथेच आहे.

शार्प्सचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, पुढे नळीखालचा आणि मागे खांद्याचा. गोळी सुटली की सगळा धक्का रिसीव्हरच्या (नळीमागचा धातूचा मुख्य भाग) मागच्या तोंडावरून थेट मागच्या लाकडात जातो. ४५-७० म्हणजे ०.४५ इंचाची नळी आणि ७० ग्रेन पावडर, अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये घेतलेलं हे काडतूस, आणि त्यात ५०० ग्रेनची म्हणजे जवळपास ३२ ग्रॅमची शिशाची गोळी असेल तर तो धक्का चांगला जाणवतो. तो सगळीकडे सारखा वाटला गेला तर लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, एकाच कोपऱ्यावर आला तर तिथूनच चीर जाते.

हे तपासायला काजळी थोड्या तेलात कालवून रिसीव्हरच्या मागच्या तोंडाला अगदी पातळ लावा, दस्ता चढवा, स्क्रू आवळा, परत काढा. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच टेकतंय, तेवढंच धारदार पटाशीने खरवडा, पेपरने नाही. परत चढवा, परत बघा. वीस-पंचवीस वेळा करावं लागेल, कंटाळा येईल, पण सुरुवातीला दोन ठिपके दिसत होते तिथे हळूहळू पूर्ण तोंडावर काळी छाप यायला लागते तेव्हा हातालाच कळतं की बसलं, आवळलेला दस्ता जराही हलत नाही.

फक्त टँगच्या मागच्या टोकाला लाकूड टेकू द्यायचं नाही. तिथे पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची. मी माझ्या पहिल्या रायफलला ही फट ठेवली नव्हती, टँगचं टोक इतकं घट्ट बसवलं होतं की उजेडसुद्धा जात नव्हता, आणि मला त्याचा फार अभिमान होता. चाळीसेक गोळ्यांनंतर साफ करताना बोटाला काहीतरी लागलं, बघितलं तर टँगच्या मागे केसाएवढी चीर, दस्त्याच्या मनगटाच्या, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागाच्या दिशेने निघालेली. दर गोळीला ते टोक पाचरीसारखं लाकडात घुसत होतं. म्हणून फट दिसली तर दिसू द्या.

आता गोल झालेली कड. ओलं फडकं आणि गरम इस्त्री दिली की दबलेले तंतू फुगतात, त्यामुळे पोचा वर येतो, पण तुमचं लाकूड दबलेलं नाही, घासून गेलेलं आहे, ते वाफेने परत येणार नाही. मात्र लाकूड अजून धातूच्या वर आहे हे नशीब, तेव्हा आजूबाजूचं सगळं त्या कडेच्या पातळीपर्यंत खाली आणा. पेपरच्या मागे कायम सपाट, कडक ठोकळा धरा, नुसती बोटं मऊ जागी आत दाबतात आणि कड खातात. रिसीव्हरवर केस हार्डनिंगचे (धातूचा पृष्ठभाग कडक करताना उमटणारे) रंग असतील तर त्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, कारण तो रंग फार पातळ असतो आणि पेपर एकदा फिरला की गेला. टेपला पेपर लागायला लागला की थांबा, उरलेलं स्क्रेपरने.

मग २२० नंबरचा पेपर, आणि ओल्या फडक्याने लाकूड पुसून सुकू द्या. बारीक केस उभे राहतात, गालावरून हात फिरवल्यावर खुंट लागतात ना तसे. ते ३२० ने कापा, परत ओलं करा. केस उभे राहायचे थांबले की तेल लावायला घ्या, अक्रोडाला तीन-चार वेळा तरी हे करावं लागतं.

तेल म्हणजे जवसाचं, बाजारात बॉइल्ड म्हणून मिळतं ते, त्यात सुकवणारे क्षार असतात, कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. तीन-चार थेंब घ्या, तळवा गरम होईपर्यंत चोळा, जास्तीचं सगळं पुसून काढा आणि निदान २४ तास हात लावू नका. बोट चिकटत असेल तर अजून एक दिवस. सहा-सात पातळ हात दिलेत तरी पुरे, पण बटप्लेटखालचं (खांद्याला टेकणारी पट्टी) कापलेलं टोक आणि आतल्या खाचा यांना विसरू नका, ओल तिथूनच शिरते. आणि ते तेलकट फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका!! जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेट घेतो, तेव्हा बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.

प्रश्न: बटप्लेट चंद्रकोरीच्या आकाराची आहे, पालथं झोपून मारताना खांद्यात टोचते. दस्ता कापून लहान करू का?

उत्तर: कापू नका, निदान अजून तरी. चंद्रकोर खांद्याच्या खोबणीत ठेवायची नसतेच, ती जरा बाहेर, दंडाच्या सुरुवातीला बसते आणि उभं राहून मारायलाच ती बरी. झोपून मारणारे बहुतेक जण सपाट शॉटगन बट घेतात आणि तुमचं बरचसं मारणं झोपून असेल तर तीच लावा. सिल्हूट स्पर्धेत, म्हणजे प्राण्यांच्या आकाराच्या धातूच्या लक्ष्यांवर, कोंबड्या २०० मीटरवर उभं राहून मारतात, पण डुकरं ३००, टर्की ३८५ आणि मेंढे ५०० मीटरवर असतात, तिथे आडव्या काठ्यांचा आधार घेऊन बसून किंवा झोपूनच मारायचं असतं.

लांबी बघायची तर डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग उघडा, मान न ताणता नेम दिसतो का बघा. हे टँग साइट (टँगवर बसवलेली, नेम धरायची उभी पट्टी) वर करून करा, कारण लांबच्या अंतराला ती साइट उंच जाते आणि गाल दस्त्यावरून सुटतो. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरच्या मैदानावर अमेरिकन संघ रेमिंग्टन आणि शार्प्स घेऊन ८००, ९०० आणि १००० यार्डांवर आयरिश संघाविरुद्ध ९३४ ला ९३१ असा जिंकला, तेवढ्या अंतराला साइट चांगलीच उचलावी लागते. मान ताणावी लागत असेल तर कापून उपयोग नाही, गालाखाली चामड्याची गादी बांधून दोन-तीन वेळा मारून बघा आणि मग ठरवा.

प्रश्न: मारून झाल्यावर पाण्याने साफ करायचं म्हणतात. तेल दिलेल्या लाकडाला पाणी चालेल का?

उत्तर: नळीला पाणीच लागतं, ब्लॅक पावडरच्या राखेत क्षार असतात, ते हवेतली ओल ओढतात आणि एका रात्रीत गंज धरतो. लाकूड वाचवायचं तर ब्रीच ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) काढून मागूनच साफ करा, नळीचं तोंड कायम खाली धरा, म्हणजे घाण पाणी पुढे जाईल, टँगच्या खाचेत उतरणार नाही. शेवटी नळी कोरडी करून तिला बंदुकीच्या तेलाचा (जवसाच्या नव्हे) हात द्या आणि दुसऱ्या दिवशी पांढरं फडकं परत एकदा नळीतून फिरवा, तपकिरी डाग आला तर पाण्यापासून परत सुरू करा.