बेल्जियमच्या मुली: मेसेमन आहेच, पण एकटी मेसेमन नाही

प्रश्न असा आहे की सव्वा कोटीही लोकसंख्या नसलेल्या बेल्जियमने 2023 आणि 2025 असा लागोपाठ दोनदा महिलांचा युरोबास्केट, म्हणजे बास्केटबॉलची युरोपीय स्पर्धा, जिंकला, तो एकट्या एमा मेसेमनच्या जोरावरच ना? या संघाचे सामने मी बरीच वर्षं पाहते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मेसेमन नसती तर सुवर्ण आलं नसतं, यात वाद नाही. दोन्ही स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडूचा मान तिलाच मिळाला. पण एका थोर खेळाडूने संघ उभा राहत नाही, हे बेल्जियमनेच आधी अनुभवलं आहे. बेल्जियमच्याच ॲन वॉटर्सला 2000 साली डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सगळ्यात आधी निवडलं गेलं होतं. म्हणजे जागतिक दर्जाची सेंटर, बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू, तेव्हाही होती. तरी तिच्या ऐन भरात देशाला एकही पदक मिळालं नाही. 2007 नंतर तर पुढच्या युरोबास्केटसाठी दहा वर्षं वाट पाहावी लागली. पहिलं पदक 2017 ला प्रागमध्ये आलं, कांस्य. तेव्हा वॉटर्स छत्तिशीत होती आणि संघात नवी पिढी आलेली होती.

माझ्या मते खरं उत्तर त्या पिढीत आहे. मेसेमन, ज्युली आलमाँ, ज्युली व्हॅनलू, कायरा लिन्स्केन्स: हा गाभा वर्षानुवर्षं टिकला. फिलिप मेस्टडाग, व्हॅलेरी डेमोरी, रशीद मेझियान, माइक थिबो असे चार प्रशिक्षक झाले, पण मुली त्याच. छोट्या देशाकडे निवडीला खेळाडू कमी असतात, हे दुबळेपण; पण त्यामुळेच त्याच दहा-बारा जणी एकमेकींच्या सवयी पाठ होईपर्यंत एकत्र खेळतात. मेसेमनकडे चेंडू पोचला की बाकीच्या थांबून बघत नाहीत, लगेच बास्केटकडे धावतात, कारण पास येणार याची त्यांना खात्री असते. 1.93 मीटर उंचीची खेळाडू गार्डसारखा (चेंडू खेळवणाऱ्या चपळ खेळाडूसारखा) पास देते, तेव्हा बचाव करणाऱ्यांनी कुणाकुणाला धरायचं?

शिवाय या मुली देशासाठी किंमत मोजतात. 2018 चा डब्ल्यूएनबीएचा पूर्ण हंगाम मेसेमनने सोडला. त्या वर्षी बेल्जियम पहिल्यांदाच विश्वचषक खेळला आणि थेट चौथा आला. पुढच्या वर्षी ती डब्ल्यूएनबीएतल्या वॉशिंग्टनच्या संघात परतली आणि तिथल्या अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिथले तिचे प्रशिक्षक हेच थिबो. व्हॅनलूचं तर ऐकून वाईट वाटतं: 2025 चं सुवर्ण जिंकून ती अमेरिकेत परतली आणि तिच्या क्लबने तिला लगेच मोकळं केलं. नंतर लॉस एंजलिसच्या संघाने तिला घेतलं, ते बरं झालं.

आता पॅरिस ऑलिंपिक, 2024. हा संघ समजून घ्यायला मी तोच भाग सुचवेन. गटात जर्मनीकडून 69-83 हार, अमेरिकेकडून 74-87 हार. दोन्हींचा मिळून गुणांचा फरक उणे 27. आपापल्या गटात तिसऱ्या आलेल्या संघांतून पुढे जायचं तर चीनला मागे टाकायला हवं होतं, आणि चीनचा फरक होता उणे 1. म्हणजे टोकियोत रौप्य मिळवलेल्या जपानला किमान 27 गुणांनी हरवायचं! याच जपानने टोकियोच्या उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमला 86-85 असं, एका गुणाने, घरी पाठवलं होतं. सामना फ्रान्समधल्या लील शहरात, बेल्जियमच्या सीमेला लागूनच, त्यामुळे प्रेक्षकांत त्यांचेच लोक भरलेले. निकाल 85-58. बरोबर 27. नुसतं जिंकणं पुरेसं नसताना चाळीस मिनिटं प्रत्येक बास्केटचा हिशेब डोक्यात ठेवून खेळणं हे एका खेळाडूचं काम नाही.

पुढे स्पेनला हरवलं, उपांत्य सामना फ्रान्सकडून अतिरिक्त वेळेत गेला आणि कांस्याच्या लढतीत ऑस्ट्रेलियाने 85-81 असं रोखलं. मला आजही वाटतं, त्या पदकावर त्यांचा हक्क होता.

2025 च्या अंतिम सामन्याबद्दल थोडंच लिहिते, कारण तो बघायलाच हवा. ग्रीसमधल्या पिरेयसमध्ये स्पेनविरुद्ध शेवटची तीन-साडेतीन मिनिटं उरलेली, बेल्जियम बारा गुणांनी मागे. शेवट 67-65, बेल्जियम विजयी.

काळजी एकच आहे. मेसेमनचा जन्म 1993 चा, आणि बाकीचा गाभाही तिच्याच आगेमागे. तिच्यानंतर मधल्या जागेवरून खेळ चालवणारी दुसरी कोण, हे मला अजून दिसलेलं नाही. त्यामुळे पुढचे सामने बघाल तेव्हा ती बेंचवर बसलेली असतानाच्या मिनिटांकडे जास्त लक्ष द्या. चेंडू तेव्हाही तितकाच फिरतो का, की आलमाँ एकटीच तो घेऊन अडकते, ते बघा.