कॅथलिक सिस्टर सामाजिक न्याय, शांतता, पर्यावरण यासाठी नक्की काय करतात? की हे सगळं धर्मांतरासाठीच असतं?

तुमच्या प्रश्नातला तो "की" वाचला आणि राहवलं नाही. आमच्या मामाचं पण हेच चालायचं, "ती सिस्टर तुझ्या आईला बाटवणार बघ."

आई पाली हिलला घरकाम करायची, लादी, भांडी, कपडे. आम्ही खेरवाडीत राहायचो. रविवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांची मीटिंग असायची. ती घेणाऱ्या सिस्टर वसईच्या, साधी कॉटनची साडी, गळ्यात क्रॉस, आणि मराठी एवढी खणखणीत की आमच्या शाळेतल्या बाईंनी शिकून घ्यावी. तिथे प्रार्थना-बिर्थना काही नसायची, वही असायची. प्रत्येकीला एक शंभरपानी वही, कामावर गेलं की उभी रेघ, खाडा झाला की शून्य, पगार मिळाला की आकडा. आई दुसरीपर्यंत शिकलेली, तिला तेवढं जमायचं.

मग तिला कावीळ झाली. बरी होऊन परत गेली तर एका घरी दुसरी बाई ठेवलेली, आणि आदल्या महिन्याचा पगारही देईनात, म्हणे तुझे खाडेच फार झाले. सिस्टरनी वही उघडून रेघा मोजल्या, हिशोब काढला आणि म्हणाल्या, "बोलायचं तुम्ही, मी फक्त सोबत येते." आईला घामच फुटला. मग हॉलमध्ये प्रॅक्टिस, आमच्या शेजारची काकू मॅडम झाली, खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि असलं फाडफाड ओरडली की आई रडायची थांबून हसायलाच लागली.

त्या दिवशी मला शाळा नव्हती म्हणून मीपण गेलो. मॅडमनी दार उघडलं, सिस्टरना बघितलं आणि एकदम हात मागे घेऊन सरळ उभी, "गुड आफ्टरनून सिस्टर!" कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होती ना. या, बसा, चहा घेणार का. सिस्टर म्हणाल्या, "माझं काही काम नाही, यांचं आहे," आणि जाऊन लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. आई बोलली. आवाज कापत होता पण वही पुढे धरून बोलली. पैसे मिळाले, तिने दारातच मोजून घेतले. आईच्या गळ्यात मंगळसूत्र तेव्हाही होतं, आजही आहे, देव्हाऱ्यात खंडोबाही तोच, हे मामाने नीट वाचावं.

आता तुमचं उत्तर. हे काम एकट्यादुकट्या सिस्टरचं नाही. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ मध्ये घरेलू कामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली. महाराष्ट्रात २००८ ला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो अशा सगळ्या संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून (कायदा झाला, मंडळ चाललं किती ते सोडा). २०११ ला आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, घरकामगारांसाठी १८९ नंबरचा करार आला, भारताने बाजूने मत दिलं पण मंजुरी काही दिली नाही.

शांततेचं विचारत असाल तर मध्य प्रदेशात उदयनगरच्या भागात सिस्टर राणी मारिया आदिवासी शेतकऱ्यांना बँकेची कर्जं मिळवून द्यायच्या, सावकारांचा धंदा बसायला लागला, १९९५ ला त्यांना बसमधून जाताना भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, जेलमध्ये जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मला नसतं जमलं. पर्यावरण म्हणाल तर पोप फ्रान्सिस यांचं त्यावरचं पत्रक आलं २०१५ ला, त्याच्या दहा वर्षं आधी ॲमेझॉनचं जंगल आणि तिथले गरीब शेतकरी यांच्यासाठी भांडताना ७३ वर्षांच्या सिस्टर डोरोथी स्टँग यांना गोळ्या घातल्या. झारखंडात कोळसा खाणीत संथाळांच्या जमिनी जात होत्या, त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सिस्टर वल्सा जॉन यांना २०११ मध्ये मारलं. धर्मांतरासाठी याहून सोपे रस्ते असतील हो.

सगळ्या सिस्टर अशाच असतात असं मात्र समजू नका. माझ्या भाचीच्या ॲडमिशनच्या वेळी एका कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनीच आम्हाला ताटकळत ठेवलं आणि फी ऐकून आम्ही गुपचूप बाहेर आलो. आणि चर्चमध्ये सत्ता फादर-बिशपांकडेच, सिस्टरचं ऐकतं कोण. बाटवण्याचे प्रकार कुठेच होत नसतील असंही मी म्हणत नाही, मी माझ्या आईचं सांगतोय.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर एखाद्या रविवारी अशा मीटिंगला जाऊन मागे बसा. आणि जायच्या आधी घरच्या मावशींना पगारी सुट्टी किती देता ते बघा. मामा आता कांदिवलीला सोसायटीचा सेक्रेटरी आहे, मागच्या दिवाळीआधी त्यांच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की कामवाल्यांना बोनस सगळ्यांनी एकसारखाच द्यायचा, कोणी जास्त देऊन रेट बिघडवायचा नाही. मांडला मामानेच. मी म्हटलं ही पण युनियनच झाली की तुमची, तर म्हणतो, ते वेगळं.