पाऊस बागेत पडला, हवामान केंद्रावर नाही: मग विम्याचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, वाळवा आणि पलूस भागातून आलेल्या प्रश्नांपैकी तीन आज घेतो. तिन्हींतला राग एकच आहे: नुकसान डोळ्यांना दिसतंय, मग विमा का मिळत नाही?

प्रश्न (तासगाव): सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्राक्षाची फळछाटणी घेतली. बाग ऐन फुलोऱ्यात असताना तीन दिवस पाऊस लागला. घड कुजले, डाऊनी (बुरशीचा रोग) आला. फळपीक विमा भरलाय, पण पंचनाम्याला कोणी फिरकलं नाही. केंद्रावर पाऊस कमी नोंदला म्हणतात.

उत्तर: आधी बागेचं बघू, विम्याचं मागून. पान जितके तास ओलं राहील तितका डाऊनी पसरतो. तेव्हा फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढा, दाटी कमी करा आणि बागेत वारा खेळू द्या. पाऊस थांबला की तारा हलवून किंवा नुसत्या ब्लोअरची हवा मारून घडातलं पाणी झटका. चिखलात ट्रॅक्टर जात नसेल तर मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी हा जुना उपाय अजून उपयोगी पडतो. फक्त निर्यातीचा माल असेल तर मालात राहणाऱ्या औषधाच्या अवशेषांचा हिशेब ठेवूनच औषध निवडा. कुजलेले घड बोदावर (वेलीखालच्या वरंब्यावर) टाकू नका, गोळा करून बागेबाहेर पुरा. नत्र काही दिवस बंद ठेवा. कोवळी, लुसलुशीत फूट म्हणजे रोगाला आवतणच.

आता विमा. फळपिकाची योजना हवामानावर चालते, नुकसानीवर नाही. तुमच्या महसूल मंडळासाठी (काही गावांचा मिळून गट) ठरवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठराविक काळात ठराविक पाऊस नोंदला गेला, तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई मिळते, अगदी ज्याची बाग सुखरूप आहे त्यालाही. नोंद झाली नाही तर कुजलेल्या घडाचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी उपयोग नाही. म्हणूनच पंचनाम्याला कोणी येत नाही. अपवाद गारपिटीचा. त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि गारा पडल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं.

तुमच्या प्रश्नातली खरी मेख मात्र केंद्रात नाही, तारखेत आहे. द्राक्षाच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर असते आणि संरक्षण त्यानंतर सुरू होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटलेली बाग साधारण ३५ ते ४० दिवसांत फुलोऱ्यात येते, म्हणजे मुदतीच्या आधीच. आगाप छाटणीला दर मिळतो हे मलाही कळतं, पण सर्वांत नाजूक आठवडा बिनविम्याचा जातो हेही हिशेबात धरा. तीन एकर असतील तर सगळी छाटणी एका दमात उरकू नका, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा. मजूरटोळी कुरकुर करील, करू द्या.

केंद्राच्या जागेबद्दल तक्रार असेल तर ती हंगाम सुरू होण्याआधी लेखी द्या. झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला असलेलं पर्जन्यमापक पाऊस कमी दाखवतं, यात शंका नाही. गावात चार जणांनी साधं पर्जन्यमापक लावून रोजची वही ठेवली तर त्या नोंदीवर विमा मंजूर होणार नाही, पण तक्रारीला वजन येतं.

प्रश्न (वाळवा): कापलेलं सोयाबीन पावसात भिजलं, शेंगांना मोड आले. ७२ तासांत तक्रार केली तर चालेल ना?

उत्तर: पूर्वी चालायची. २०२५च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा थांबवला आणि काढणीपश्चात नुकसान व स्थानिक आपत्तीच्या वैयक्तिक तक्रारींवरची भरपाईही वगळली. तेव्हापासून हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के. भरपाई पीक कापणी प्रयोगातून (निवडक शेतांतलं पीक कापून, तोलून) निघणाऱ्या मंडळाच्या उत्पन्नावर ठरते. नियम बदलत असतात, म्हणून हप्ता भरण्याआधी त्या हंगामाची अधिसूचना बघा.

हिशेब असा. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी समजा हेक्टरी २० क्विंटल आहे. तिचे ७० टक्के म्हणजे १४, हा उंबरठा. यंदा मंडळाचं उत्पन्न साडेदहा निघालं तर तूट साडेतीन, म्हणजे उंबरठ्याच्या २५ टक्के, आणि विमा रकमेच्या तितकेच टक्के मिळतात. तुमच्या रानात चारच क्विंटल निघाले पण मंडळाचं १५ भरलं, तर काही नाही. त्यामुळे गावात कापणी प्रयोग लागतो त्या दिवशी बांधावर जाऊन उभे राहा. वजन करताना गावकरी हजर असले की नंतरची निम्मी भांडणं मिटतात.

भिजलेली गंजी उकलून पातळ पसरा, मोड आलेला माल वेगळा काढा. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पोती भरू नका. यातलं बियाणं धरायचं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघा. ७० पेक्षा कमी उगवले तर तो माल बाजारातच न्या.

प्रश्न (पलूस): नदीकाठचा ऊस आठवडाभर पुराखाली होता. विमा आहे का?

उत्तर: नाही, आपल्याकडे ऊस पीक विम्यात अधिसूचित नाही. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतरही हाच प्रश्न आला होता. इथे आधार आपत्ती मदतीचा. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं. केंद्र सरकारच्या २०२२-२३ ते २०२५-२६च्या निकषाने बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये होते, २ हेक्टरांपर्यंत. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून सातबाऱ्यावर करायची पिकाची नोंद) ऊस नोंदवलेला नसेल तर पंचनाम्यावेळी अडचण येते, ते आजच तपासा.

शेंडा पाण्याखाली राहून कुजला असेल तर तो ऊस आता वाढत नाही, पांगशा (कांड्यांवरच्या डोळ्यांतून बाजूच्या फुटी) फुटतात आणि वजन व साखर घटते. चर काढून पाणी लवकर बाहेर काढा आणि अशा फडाची तोड आधी लावायला कारखान्याच्या गट कार्यालयात लेखी कळवा. शेंडा जिवंत असेल तर वाफसा येईपर्यंत थांबा, खताचं मग बघू.