खोडदला लहरी सापडल्या, मग औंढ्याला कशाला?

प्रश्न : आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. दोनच महिन्यांनी बातमी आली, की पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला याच लहरींचा पुरावा मिळाला. काम तिकडे झालंच असेल, तर इकडे एवढा खर्च कशासाठी? उत्तर गोल गोल नको.
— एक वाचक, वसमत

उत्तर : तबल्याचा ठेकाही पुन्हा पुन्हा येतो आणि नाशिकचा कुंभमेळाही. म्हणून दोन्ही एकाच घड्याळानं मोजायला कुणी बसत नाही. तुमच्या औंढ्याचं यंत्र ठेका मोजणार आहे. खोडदनं मोजायला घेतलाय तो कुंभमेळा.

गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशाचंच ताणणं-आकसणं. अमेरिकेतल्या लायगोला १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लहर मिळाली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली, त्याची ही खूण. यंत्रात ती दिसली जेमतेम ०.२ सेकंद. खोडदच्या लहरींचा मामला वेगळा. तिथला संशय आहे तो आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या पोटातल्या, सूर्याच्या कोट्यवधी-अब्जावधी पट जड अशा कृष्णविवरांच्या जोड्यांवर. त्या एकमेकींभोवती फिरायला वर्षानुवर्षं घेतात. एका नॅनोहर्ट्झच्या लहरीचं एक आंदोलन म्हणजे एक अब्ज सेकंद, जवळपास ३२ वर्षं. लायगोच्या चार किलोमीटरच्या नळ्या इथे कुचकामी. इतक्या संथ हालचालीत जमिनीची स्वतःची थरथरच सगळं बुडवून टाकते.

म्हणून पल्सार वापरतात. मेलेल्या ताऱ्याचा हा घट्ट गाभा सेकंदाला शेकडो गिरक्या घेतो आणि दर गिरकीला रेडिओचा एक ठोका पाठवतो. अशा अतिवेगवान जातीचा पहिला पल्सार १९८२मध्ये सापडला, सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा. शोधणाऱ्यांत श्रीनिवास कुलकर्णी होते. तेव्हा ते बर्कलीत विद्यार्थी होते. जन्म आपल्या कुरुंदवाडचा. वाटेत गुरुत्वीय लहर आली, की ठोके किंचित लवकर किंवा उशिरा पोचतात. किंचित म्हणजे सेकंदाच्या कोट्यंशांत.

पण उशीर तर हजार कारणांनी होतो. मी जुन्नर तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. एका हिवाळ्यात अख्खा वर्ग रोज चार मिनिटं उशिरा यायला लागला. आठवडाभर मी पोरांना फैलावर घेतलं, मग कळलं की घड्याळच पुढे होतं. (माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. काही जण अजून आठवण करून देतात.) एकटाच उशिरा आला, तर सायकल पंक्चर. सगळे सारखेच उशिरा, तर घड्याळ चूक. नारायणगावकडचे उशिरा आणि ओतूरकडचे लवकर यायला लागले, तर कॉलेजच ओतूरकडे सरकलंय म्हणायचं! पल्सारांचंही तसंच. सगळ्यांचे ठोके सारखे चुकले तर आपली घड्याळं तपासायची. आकाशाच्या एका बाजूचे उशिरा आणि समोरच्या बाजूचे लवकर आले, तर सौरमालेतली आपली जागा धरण्यात चूक. लहरीची सही तिसरीच असते : आकाशात शेजारी असलेल्या पल्सारांचे ठोके एकत्र चुकतात, काटकोनाच्या आसपास असलेल्यांचे उलटसुलट, आणि अगदी समोरासमोरच्यांचे पुन्हा बऱ्यापैकी एकत्र. हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी ही वक्ररेषा १९८३मध्ये कागदावर काढली होती. २९ जून २०२३ला जगातल्या निरनिराळ्या गटांनी एकदम सांगितलं, की ती आकाशात दिसू लागली आहे.

खोडदचा वाटा नेमका काय, हे मात्र बातम्यांत राहूनच गेलं. आमच्या भागाला त्याचं वाईट वाटलं, आणि मलाही. ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते, तिथे विरळ इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यातून येताना कमी कंप्रतेची लहर मागे पडते. जे१९०९-३७४४ नावाचा पल्सार घ्या, सेकंदाला ३३९ गिरक्यांचा. त्याचा ४०० मेगाहर्ट्झचा ठोका १,३६० मेगाहर्ट्झच्या ठोक्यामागून साधारण पाव सेकंदानं येतो. तेवढ्यात ताऱ्याच्या ऐंशीच्या वर गिरक्या होऊन गेलेल्या असतात! आणि पृथ्वी नि तारा दोघेही हलत असल्यामुळे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलत राहते. हा बदल वजा केला नाही, तर तोच लहरीचं सोंग घेऊन बसतो. जीएमआरटीच्या ३० अँटेनांचे गट पाडून एकाच वेळी ३०० ते ५०० आणि १,२६० ते १,४६० मेगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत तोच पल्सार बघता येतो, त्यामुळे हिशेब चोख लागतो. भारत-जपान गटानं असा १० पल्सारांचा हिशेब युरोपच्या २५ पल्सारांच्या नोंदींना जोडला. युरोपकडे २५ वर्षांच्या नोंदी होत्या. खालच्या पट्ट्यातली ही नजर खोडदची.

तुम्ही ‘पुरावा’ म्हणालात, ते बरोबर. ‘शोध’ अजून म्हणायचं नाही. या गटाच्या निकालात योगायोगाची शक्यता हजारात एक एवढी होती. भौतिकशास्त्रज्ञ समाधानी होतात ते ३५ लाखांत एकवर. चिवट लोक आहेत.

आता औंढा. विलीन होणारी कृष्णविवरं आकाशात नेमकी कुठे आहेत, हे एका यंत्राला सांगता येत नाही. लहर कुठल्या यंत्रात आधी पोचली आणि कुठल्यात नंतर, यावरून दिशा काढावी लागते. अमेरिकेत दोन, इटलीत एक, जपानमध्ये एक अशी यंत्रं आहेत. हिंगोली त्या सगळ्यांपासून लांब आहे आणि तेच तिचं भांडवल. खोडदनं कितीही लहरी पकडल्या, तरी हे काम तिथून होणार नाही.

प्रश्न : २८ फेब्रुवारीला खोडदचं विज्ञान प्रदर्शन पाहिलं. एवढ्या मोठ्या अँटेनाला पत्राच नाही, नुसती जाळी! त्यातून सिग्नल गळत नाहीत का?
— इयत्ता नववीतला विद्यार्थी, मंचर

उत्तर : प्रश्न झकास. घरी किंवा शेजारी मायक्रोवेव्ह असेल, तर त्याच्या काचेत जाळी बघ. आतली लहर १२ सेंटिमीटरची, भोकं त्यामानानं चिमुकली, म्हणून ती बाहेर येत नाही. खोडदला येणारी सर्वांत आखूड लहरही सुमारे २० सेंटिमीटरची असते आणि जाळीची घरं १० ते २० मिलिमीटरची. लहरीच्या लेखी तो पत्राच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून ४५ मीटर व्यासाची थाळी हलकी आणि स्वस्त करता आली. जीएमआरटी उभारणारे गोविंद स्वरूप यांची ही करामत : अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड पोलादी तारा, ताणलेल्या दोरांवर बसवलेल्या.

आणि आत जाताना मोबाईल बंद केला होतास ना? त्याची ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहरही त्याच जाळीवर पडते.