मैदान गावाचं, क्लब नंतरचा

प्रश्न : मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो, तेव्हा एका रविवारी सेंट अँड्र्यूज पाहिलं. गोल्फचं जगप्रसिद्ध मैदान म्हणून जरा दबकतच गेलो, तर तिथे लोक कुत्री फिरवत होते, पोरं पळत होती, कुणी कुणाला हटकत नव्हतं. एवढा मानाचा क्लब आपल्या मैदानावर हे कसं चालू देतो? शिवाय गोल्फला अठराच होल का, याचं उत्तर इथेच मिळतं असं मुलगी म्हणाली. ताई, सविस्तर सांगाल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही अगदी योग्य वारी गेलात. तुम्ही पाहिलेल्या तिथल्या सगळ्यात जुन्या मैदानावर, म्हणजे ओल्ड कोर्सवर, रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि मैदान गावाला फिरायला मोकळं असतं. मी जवळच्या डंडी शहरात राहत होते तेव्हा आम्हीही जायचो. इतर दिवशी गेला असतात तरी एक गोष्ट दिसली असती. पहिल्या आणि अठराव्या होलच्या (होल म्हणजे नुसता खड्डा नव्हे, तिथवरची खेळायची पट्टीही) हिरवळीतून ग्रॅनी क्लार्क्स विंड नावाचा एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. समुद्राकडे निघालेली गाडी किंवा बाबागाडी ढकलणारी आई आली, की खेळणारा हातातली स्टिक खाली टेकवून थांबतो. ही क्लबची मेहेरबानी नव्हे. मैदान गावाचं आहे, आणि ते टिकवायला गाव पिढ्यान् पिढ्या भांडलं आहे. मला या इतिहासात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

समुद्र आणि शेतं यांच्या मधली ही रेताड, खुरट्या गवताची पट्टी. तिला तिकडे लिंक्स म्हणतात. आपल्याकडच्या गायरानासारखी ती सगळ्यांची. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांना तिथे ससे पाळायचे होते. गावाने परवानगी दिली, पण त्या सनदेत गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर खेळांचा आपला हक्क कायम असल्याचं लिहून घेतलं. म्हणजे लोकांच्या खेळण्याच्या हक्काचा हा जुना कागद मुळात सशांच्या निमित्ताने झाला!

क्लब आला त्यानंतर दोनशे वर्षांनी. १७५४ मध्ये बावीस सरदार आणि प्रतिष्ठित मंडळींनी गोल्फ खेळणाऱ्यांची एक सोसायटी काढली. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम तिचा आश्रयदाता झाला, तेव्हापासून ती रॉयल अँड एन्शंट. मैदानाला लागून असलेली क्लबची दगडी इमारत १८५४ ची.

आता अठराचं. त्या काळी एका रांगेत अकरा होल खेळत टोकाला जायचं आणि त्याच वाटेने अकरा खेळत परतायचं, अशी बावीस होलची फेरी होती. १७६४ मध्ये सोसायटीने पहिल्या चार होलचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले अठरा. त्यामागे कसलंही गूढ गणित नाही. पुढे या क्लबाचा शब्द सगळीकडे चालू लागला आणि अठरा हाच दंडक झाला. जाणारे आणि येणारे एकाच होलवर समोरासमोर यायला लागले, तेव्हा ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, रुंद करून एकेकावर दोन दोन होल पाडले. आजही तिथे सात जोडग्रीन आहेत आणि प्रत्येकावरच्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज अठराच येते : दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं पुढे.

पण खरा कसोटीचा काळ आला १७९७ मध्ये. कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने लिंक्स विकून टाकली. दोन वर्षांत ती डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली आणि त्यांनी तिथे सशांचा धंदा मांडला. सशांनी जमीन उकरून चाळण केली, चेंडू बिळात जाऊ लागले. खेळणारे चिडले, हाणामाऱ्या झाल्या, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या आणि प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. अखेर १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी ती जमीन विकत घेतली. ते स्वतः गोल्फ खेळणारे, त्यामुळे मैदान वाचलं.

गाव मात्र या सगळ्यात मैदानावर वावरतच होतं. बाया तिथे कपडे धुवायच्या, गवतावर वाळत घालायच्या. एकोणिसाव्या शतकातला एक नियम तर असा, की चेंडू वाळत घातलेल्या कपड्यावर पडला तर कपडा चेंडूखालून अलगद ओढून घ्यावा, टब आड आला तर बाजूला करावा. कपडे वाळत घालू नयेत, असं त्या नियमात नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

१८९३ मध्ये चीप घराण्याकडून क्लबने जमीन घेतली, तेव्हा गाव पुन्हा हललं. पार्लमेंटचा कायदा करवून घेऊन १८९४ मध्ये नगरपालिकेने लिंक्स परत मिळवली. ठरल्याप्रमाणे क्लबने स्वतःच्या खर्चाने शेजारी दुसरं मैदान करून दिलं, तोच १८९५ चा न्यू कोर्स. त्याच्या आखणीत त्या काळचे नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस होते. १८६५ पासून ओल्ड कोर्सची निगा तेच राखत होते. १८९७ मध्ये जुबिली कोर्स झाला, तो बायकांसाठी आणि नवशिक्यांसाठी, सुरुवातीला बाराच होलचा. एडन १९१४ चा. आता सगळी मैदानं १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट चालवतो. क्लबालाही तिथे इतरांबरोबरच खेळावं लागतं.

मुंबईचाही एक धागा आहे. १८४२ मध्ये मुंबईत गोल्फ क्लब निघाला होता आणि त्याने सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला एक रौप्यपदक भेट दिलं. वसंतातल्या स्पर्धेचं ते पदक आजही बॉम्बे मेडल म्हणूनच ओळखलं जातं.

पुढच्या वेळी जाल तेव्हा ओल्ड कोर्सला लागूनच असलेलं ‘हिमालयाज’ जरूर पाहा. ओल्ड टॉम यांनी १८६७ मध्ये बायकांच्या क्लबसाठी केलेलं हे चढउतारांचं पटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू हलकेच ढकलत खड्ड्यात घालायची हिरवळ. बायकांनी खांद्यावर हात नेऊन फटका मारणं तेव्हा अशोभनीय मानलं जाई, म्हणून ही वेगळी जागा. रॉयल अँड एन्शंटने स्त्रियांना सभासदत्व द्यायचं ठरवलं ते थेट २०१४ मध्ये, पण हिमालयाजवर तुम्हांआम्हांला थोडे पैसे भरून खेळता येतं. स्टिक आणि चेंडू तिथेच मिळतात. मुलीला बरोबर घेऊन जा.